वरीलप्रमाणे

"हिचा हात गेलाय, सर," नणंद म्हणाली. आज दूधवाला आला नाही असं सांगावं, इतक्या सहज म्हणाली.

सोमवारची बैठक होती. लांब टेबलाभोवती सात माणसं, सात कप, मध्ये बिस्किटांची बशी. बशीकडे निघालेला कुणाचा तरी हात वाटेतच थांबला. समोर बसलेल्या वहिनीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. अकरा वर्षं ती या टेबलाशी बसत होती, पण इतकं तोंडावर कुणी बोललं नव्हतं. आणि बोललं कोण, तर घरचंच माणूस!

"एखादा नमुना बिघडला तर मी समजू शकते," नणंदेचं चालूच होतं. "पण लागोपाठ तीन? पहिला इतका सुंदर, आणि पुढचे तिन्ही अर्धमेले. मनगटाला पट्टा न बांधता हात लावला असणार. अंगातली वीज बोटातून ठिणगी होऊन गेली, संपलं. मी मोजायचं काय, राख?"

"पट्टा मी एकदाही काढलेला नाही," वहिनी म्हणाली.

"मग नमुन्यांनी काय जीव दिला?"

कुणीतरी फिसकन हसलं. म्हाताऱ्या सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. प्रयोगशाळा त्यांची. ते फारसे म्हातारे नव्हते, पण सगळे मागून त्यांना म्हातारे सर म्हणायचे आणि त्यांना ते ठाऊक होतं. "गुरुवारी परीक्षक येतायत," ते म्हणाले. "शोधनिबंध छापायचा की नाही, ते त्या स्वतः बघून ठरवणार. वहिनी, तुमच्या कायम नोकरीची ऑर्डर माझ्या टेबलावर तयार आहे. सही तेवढी राहिलीय. पण हे जर खरं असेल, तर महिनाअखेरीला करार संपतो तो संपलाच म्हणायचा. गुरुवारनंतर बोलू."

झालं. एवढ्या दोन वाक्यांवर अकरा वर्षं टांगली गेली.

तिला सगळे वहिनी म्हणायचे, कारण अकरा वर्षांपूर्वी नणंदेनंच तिला इथं आणलं होतं. "ही माझी भावजय, हाताला स्थिर आहे," एवढीच ओळख करून दिली आणि त्या दिवसापासून ती झाडूवाल्यापासून सरांपर्यंत सगळ्यांची वहिनी झाली. नणंद नवऱ्याची थोरली बहीण. घरी तिला ताई म्हणायचं, प्रयोगशाळेत मॅडम. एकदा जिन्यात चुकून ताई निघालं तोंडातून, तर बाईसाहेब तीन दिवस बोलल्या नव्हत्या. उपकाराची आठवण मात्र न चुकता, महिन्याला एकदा तरी. "मी होते म्हणून." हे तीन शब्द वहिनीनं इतके ऐकले होते की झोपेतही म्हणून दाखवले असते.

आता हात हात म्हणतात तो कशाचा, ते सांगायला हवं. कारण इथं हातावरच सगळं असतं.

एक काळपट, चमकदार खडा असतो. त्याचे थर असतात, एकावर एक, लाखो. पाकिटं चिकटवायची असते तसली साधी चिकटपट्टी त्याच्यावर दाबायची आणि ओढायची. थोडे थर निघून येतात. ती पट्टी दुमडायची, परत ओढायची. मग परत. शेवटी काचेसारख्या गुळगुळीत तुकड्यावर ती टेकवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली बसायचं. हजार कपच्यांमध्ये एखादीच अशी सापडते, जी नुसत्या एका थराची असते. इतकी पातळ, की तसले लाखभर थर रचले तर कुठं एका केसाची जाडी भरेल. ती रंगावरून ओळखायची. बाकीच्या निळ्या, जांभळ्या, आणि ही दिसते न दिसतेशी. वहिनीला ती दिसायची. इतरांना यंत्र लावूनही दिसायची नाही.

आणि एवढा खटाटोप कशासाठी? तर खड्याचा स्वभाव एक आणि थराचा निराळाच. जाड खड्यातून वीज एका तऱ्हेनं जाते, दोन थरांतून दुसऱ्या, आणि एकट्या थरातून जी जाते ती भलत्याच तऱ्हेनं. दगड तोच. माणसांचंही तसंच असतं, असं वहिनीचा नवरा एकदा म्हणाला होता, पण त्याला सगळंच माणसांसारखं वाटतं.

थर सापडला की तो उचलायचा, हवेनं खराब होऊ नये म्हणून वर-खाली पारदर्शक पांघरूण घालायचं आणि शेवटी त्याला धातूचे चार पाय जोडायचे. बाहेरच्या दोन पायांतून वीज आत-बाहेर जाते. आतल्या दोन पायांमध्ये विजेचा दाब मोजतात. या पायांना जोड म्हणतात. जोड चांगला तर नमुना बोलतो, जोड वाईट तर मुका. एवढं झालं की वहिनीचं काम संपायचं आणि नमुना नणंदेच्या खोलीत जायचा, माणसाच्या उंचीच्या त्या थंड नळकांड्यात. तिथं त्याला उणे दोनशे एकोणसत्तरपर्यंत गारठवायचं आणि मोजायचं.

तीन महिन्यांपूर्वी पहिला नमुना असाच गारठवला, आणि दाब चक्क शून्यावर आला. शून्य! दाब शून्य म्हणजे विजेला अडथळाच नाही. एवढ्या पातळ थरात, या खड्यात, असं कुणीच पाहिलं नव्हतं. नणंद खोलीतून पळत बाहेर आली होती, पन्नाशीची बाई, चप्पल एका पायात. सरांनी पेढे नाहीत म्हणून सगळ्यांना बिस्किटंच दोन-दोन वाटली. निबंध लिहिला गेला, पाठवला गेला. नणंदेचं नाव पहिलं, सरांचं शेवटचं, वहिनीचं नाव मधल्या गर्दीत.

मग परीक्षक म्हणाल्या, एकच नमुना कसा? अजून दाखवा. म्हणून वहिनीनं अजून तीन केले. आणि तिन्हींमध्ये शून्य काही येईना. थंड केलं की अडथळा थोडा कमी व्हायचा आणि तिथंच राहायचा, शहाण्या पोरासारखा.

आणि इथंच वहिनीच्या पोटात एक गोष्ट होती, जी तिनं कुणालाच सांगितली नव्हती.

जोड द्यायच्या आधी थराच्या कडा साफ करायच्या असतात. पट्टीचा चिकटा राहिलेला असतो तिथं, डोळ्याला न दिसणारा. साफ करायला दीड तास लागतो. पहिल्या नमुन्याच्या दिवशी नणंद दर दहा मिनिटांनी दारात येऊन "झालं का? यंत्र मोकळं बसलंय" म्हणत होती, इतकी की वहिनीच्या डोक्याची शीर उडायला लागली. तिनं वीस मिनिटांत उरकलं. "घ्या एकदाचं," म्हणून देऊन टाकलं. अकरा वर्षांतलं तिचं सगळ्यात गचाळ काम. घरी जाऊन तिला जेवण गेलं नव्हतं. आणि दुसऱ्याच दिवशी त्याच नमुन्यानं चमत्कार केला! सगळे अभिनंदन करत असताना मी कडा साफ केल्या नव्हत्या असं कोण सांगेल? ती गप्प बसली. पण लाज गेली नाही. म्हणून पुढचे तिन्ही तिनं जीव ओतून केले. चौथ्याच्या तर कडा तिनं दोनदा साफ केल्या, तीन तास, पाठ मोडेपर्यंत. आणि त्यालाच आता म्हणतात, हात गेला!

सोमवारी संध्याकाळी जेवताना विषय निघायचा तो निघालाच. नणंद आणि सासूबाई खालच्या मजल्यावर, ही दोघं वरच्या, पण जेवण खालीच एकत्र. नणंदेनं पोळीचा तुकडा मोडत आईला सांगितलं, "तुझ्या सुनेनं गुरुवारी माझी अब्रू घालवायचं ठरवलंय."

"तिचं लक्षच नसतं हल्ली कशात," सासूबाई म्हणाल्या. आपला तो बाब्या!

वहिनीनं नवऱ्याकडे बघितलं. नवरा ताटाकडे बघत होता. "ऑफिसचं ऑफिसात ठेवा ना," तो म्हणाला. "घरात भांडण नको."

"भांडण मी आणलं का घरात?" वहिनी म्हणाली.

"मी कुठं म्हटलं तू आणलंस?"

"तू काहीच म्हटलं नाहीस. तेच तर म्हणते मी." ती ताट उचलून आत गेली. तिला त्या क्षणी टेबलावरच्या प्रत्येकाचा राग आला होता आणि त्यात तिला काही वावगं वाटलं नाही.

मंगळवारी दुपारी नणंद जेवायला गेलेली असताना वहिनी मोजमापाच्या खोलीत शिरली. तिथं तिला मज्जाव नव्हता, पण स्वागतही नव्हतं. पंप धडधडत होता. कपाटातून तिनं पहिल्या नमुन्याची वही काढली. नणंदेचं अक्षर मोत्यासारखं, ते कबूल करायलाच हवं. रकाने आखलेले: तापमान, प्रवाह, दाब, अडथळा. तापमान ओळीगणिक उतरत होतं. दाब आधी थोडा वाढत होता, मग डगमगत, ठेचकाळत खाली येऊन शून्य होत होता. आणि प्रवाहाच्या रकान्यात? पहिल्या ओळीत एक आकडा. त्याच्याखाली लिहिलं होतं, वरीलप्रमाणे. त्याच्याखाली दोन टिंबं. मग दोन टिंबं, दोन टिंबं, पानाच्या तळापर्यंत. पुढचं पान, तेच.

वहिनी खुर्चीत बसली.

मॅडमनी प्रवाह मोजलाच नव्हता. एकदाही नाही. विजेच्या वाटेत एक मोठा रोध, म्हणजे मुद्दाम घातलेला अडथळा, लावायचा, म्हणजे प्रवाह ठरलेला राहतो, ही त्यांची वीस वर्षांची पद्धत. आणि ती बरोबरच होती, जोवर नमुना वीज आत घेतोय तोवर. पण जोडच घाण असले तर? थंडीत घाण जोड आखडतात, हे वहिनीइतकं कुणाला माहीत होतं? चिकट्यावर बसवलेला धातू. उणे दोनशेच्या खाली गेला की दार बंद. मग आत वीज जाणार कुठून? आणि वीजच गेली नाही तर दाब यायचा कशाला?

जिन्यात धक्काबुक्कीचा आवाज आला नाही, म्हणजे जिना रुंद आहे, की जिन्यात कुणी आलेलंच नाही? बंद दारामागे बसून नुसत्या कानानं हे कळत नाही. दार उघडून माणसं मोजावी लागतात. मॅडमनी माणसं मोजली नव्हती. वर लिहिल्याप्रमाणे शंभर, पुढं वरीलप्रमाणे.

तिच्या पहिल्यांदा मनात आलं ते असं: सापडली! आता सापडली सटवी! तिला हसूच फुटलं, एकटीला, त्या पंपाच्या आवाजात. मग हसू ओसरलं. कारण दाराची कडी लावणारी ती स्वतः होती.

बुधवारी सकाळी तिनं वही नणंदेच्या पुढ्यात ठेवली आणि बोट प्रवाहाच्या रकान्यावर. "हा मोजला होता का, मॅडम?"

"तो ठरलेला असतो. तुला त्यातलं काय कळतं?"

"नमुन्यानं घेतला तर ठरलेला असतो. पहिल्या नमुन्याचे जोड खराब होते. मी कडा नीट साफ केल्या नव्हत्या. थंडीत ते बंद पडले असणार. तुमचं शून्य म्हणजे वीज सुळकन जातेय असं नाही. वीज जातच नाहीये."

नणंद मूर्ख नव्हती. वहिनीनं तिला अकरा वर्षं शिव्या दिल्या मनातल्या मनात, पण मूर्ख कधी म्हटलं नाही. तिनं वहीची पानं मागंपुढं उलटली आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. मग ती उठली, खोलीचं दार लावून आली.

"समजा तू म्हणतेस तसं आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "मग पहिला नमुना बिघडवला कुणी? तू. कळल्यावर तीन महिने तोंड शिवून कोण बसलं? तू. सांग की उद्या. हात दाखवून अवलक्षण! तुला वाटतं, मी एकटी बुडेन? माझी नोकरी कायम आहे. तू आधी जाशील. आणि कडा साफ न करणाऱ्या बाईच्या हातात कोण देईल आपला खडा? सगळ्या प्रयोगशाळांत मिळून आपली माणसं किती, शंभर? आठवड्यात कळेल सगळ्यांना."

वहिनीनं वही आपल्याकडे ओढून घेतली. कारण त्यात एक अक्षर खोटं नव्हतं, आणि तेच फार लागलं.

"त्यापेक्षा ऐक," नणंद म्हणाली. आवाज आता लाडाचा झाला होता, आणि तो तर जास्तच किळसवाणा वाटला. "झाकली मूठ सव्वा लाखाची. नंतरचे तीन हवेतल्या दमटपणामुळे बिघडले, असं मी उद्या सांगते. तुझ्या हाताबद्दल बोलले ते मागं घेते. सरांची सही मी स्वतः आणते, परवाच्या परवा. तू कायम, मी निश्चिंत. घरातही शांतता. मी होते म्हणून आलीस ना इथं? आता मी आहे म्हणून राहशील."

वहिनीनं वही मिटली आणि ती निघून गेली. नणंदेनं ते गप्प राहणं होकार म्हणून घेतलं. खरं सांगायचं तर वहिनीनंही जवळजवळ तसंच घेतलं होतं. अकरा वर्षं दर वर्षी करार वाढेल की नाही म्हणून हातापाया पडणं, पोराची फी, नवऱ्याची अर्धी नोकरी. कायम! हा शब्दच असा, की माणूस त्याच्यासाठी बरंच काही गिळतो. बुधवारचा अख्खा दिवस ती गिळत राहिली.

गुरुवारी परीक्षक आल्या. उंच, पिकलेल्या केसांच्या बाई, सपाट बुटांतल्या, कमी बोलणाऱ्या. मोजमापाच्या खोलीत पाच माणसं दाटीनं उभी. नळकांड्यात पहिला नमुना आदल्या दिवसापासून उतरवून ठेवलेला. पडद्यावर तापमान उतरत होतं आणि दाबाची रेघ डगमगत खाली येत होती. मग शून्य.

"हे बघा," नणंद म्हणाली.

परीक्षकांनी मान हलवली. "आणि बाकीचे तीन?"

"ते हवेमुळे खराब झाले. पावसाळी दमट हवा होती महिनाभर." नणंदेनं दिलेला शब्द पाळला. वहिनीकडे न बघता पाळला. सरांचा चेहरा सैल झाला. वहिनीच्या मनात आलं, चला, सुटलो. अजून दहा मिनिटं तोंड बंद ठेवलं की झालं.

आणि नणंदेला कुठं थांबावं ते कधी कळलं होतं? ती वळली, वहिनीच्या खांद्यावर हात ठेवला आणि हसून पाहुणीला म्हणाली, "नमुना हिनं केलाय. माझी भावजय. हिच्या हातून झालेलं आजवरचं सगळ्यात उत्तम काम हे."

सगळ्यात उत्तम काम.

ते वीस मिनिटांत उरकलेलं, चिकटा न पुसलेलं, लाजेनं जेवण न गेलेलं काम! ते छापलं जाणार, तेच तिचं म्हणून सगळ्यांना माहीत होणार. आणि तीन तास पाठ मोडून केलेला चौथा नमुना दमट हवेनं मेलेला म्हणून खोक्यात पडून राहणार. जन्मभर! वहिनीच्या डोळ्यांपुढं एकदम लाल झालं. चोर म्हटलं असतं तरी तिनं सोसलं असतं. हे सोसवेना.

"हात काढा, ताई," ती म्हणाली.

खोलीत सगळ्यांनी वळून पाहिलं.

"खोटं आहे हे. हे माझं सगळ्यात भिकार काम आहे. सर, विजेच्या वाटेत प्रवाहमापक लावा."

"वहिनी, आता नको," सर म्हणाले.

"आत्ताच लावा. नाहीतर मी ओरडून सगळा मजला गोळा करीन."

"हिची तब्येत बरी नसते हल्ली," नणंद घाईघाईनं म्हणाली. "प्रवाह ठरलेला आहे, मापकाची काही गरज..."

"लावायला किती वेळ लागेल?" परीक्षकांनी विचारलं.

"दोन मिनिटं," वहिनी म्हणाली.

"मग लावा."

नणंद जागची हलली नाही, म्हणून सरांनीच तारा जोडल्या. मापकाचा काटा शून्यावर होता. सरांनी बटण दाबलं. काटा शून्यावरच राहिला. त्यांनी दाब दुप्पट केला, दहापट केला. काटा हलला नाही. पंप तेवढा धडधडत होता. सरांनी तिथलंच एक स्टूल ओढलं आणि ते बसले.

"वीज आत जातच नाहीये," परीक्षक म्हणाल्या. "हे शून्य नाही, हा बंद दरवाजा आहे. जोड कुणी दिले?"

नणंदेला जणू श्वास परत मिळाला. "बघा! बघा, शेवटी हिचाच हात!"

"माझाच," वहिनी म्हणाली. "कडा साफ करायला दीड तास लागतो, मी वीस मिनिटांत उरकलं. माझी चूक आहे आणि तीन महिने मी ती लपवली. जोड माझे. पण ते शून्य तुमचं आहे, ताई. मी दार लावलं, आणि तुम्ही आत न बघताच सांगितलंत की घर मोकळं आहे."

"लाज नाही वाटत, चारचौघांत..."

"सोमवारी तुम्हाला वाटली होती? सर, आता चौथा उतरवा. मापक काढू नका."

चौथा थंड व्हायला संध्याकाळ झाली. कुणी जेवायला गेलं नाही. नणंद कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसली होती. चौथ्या नमुन्यात प्रवाह पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत होता तेवढाच राहिला, खरोखर मोजून. अडथळा सावकाश उतरला आणि थांबला. चमत्कार नव्हता. एक साधा, सरळ, स्वच्छ थर, जसा असायला हवा तसा. परीक्षकांनी जोडांचे आकडे दोनदा तपासले, वहीत लिहून घेतले आणि निघताना फक्त सरांशी बोलल्या. निबंध मागं घ्या, त्या म्हणाल्या.

शुक्रवारी सकाळी सरांनी दोघींना बोलावलं. रात्रभर झोपले नसावेत. "मॅडम, आजपासून तुमच्या प्रत्येक आकड्यावर दुसऱ्या कुणाची तरी सही लागेल," ते म्हणाले. मग वहिनीकडे वळले. "तुमचा हात शाबूत आहे. काल मी डोळ्यांनी पाहिलं. पण तीन महिने तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही मला निबंध पाठवू दिलात. माझं नाव आहे त्यावर. ऑर्डर मी सही न करता परत पाठवलीय. महिनाअखेरपर्यंत या."

वहिनीला हे येणार ठाऊक होतं. तरी तिनं टेबलाची कड धरली. रडली नाही, नणंदेसमोर तर नाहीच नाही.

"आणि निबंध मागं घ्यायचं पत्र दोघींनी मिळून लिहा," सर म्हणाले. "आत्ता. पूर्ण झाल्याशिवाय खोलीतून बाहेर यायचं नाही." आणि ते निघून गेले.

संगणकापुढं नणंद बसली, बाजूच्या खुर्चीत वहिनी. दोघींमध्ये हातभर अंतर.

"मिळालं समाधान?" नणंद म्हणाली. "स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतलास तो घेतलास, माझ्याही पायावर घातलास. घरात आता तोंड दाखवू नकोस मला."

"खालचा मजला तुमचा. मी वरच जेवीन. लिहा."

नणंदेनं पहिलं वाक्य लिहिलं: नमुन्याचे जोड सदोष होते. मग थांबली.

"पुढं?" वहिनी म्हणाली.

"एवढं पुरे आहे."

"पुरे नाही. प्रवाह मोजला नव्हता, ते लिहा."

"ते त्यातच आलं."

"नाही आलं. माझं आधी लिहिलंत, राहू द्या आधी, मला चालेल. पण तुमचं आल्याशिवाय मी सही करणार नाही. आणि माझ्या सहीशिवाय पत्र जाणार नाही. बसू इथंच महिनाअखेरपर्यंत, मला दुसरं काम नाही आता."

नणंदेनं दोनदा बोटं पुढं केली आणि मागं घेतली. शेवटी नणंदेनं लिहिलं: मापनाच्या वेळी प्रवाह मोजण्यात आला नव्हता. एकेक अक्षर बोटानं ठोकून लिहिलं. मग ती मागं रेलली. तिचे डोळे लाल होते आणि वहिनीला तिची कीव आली नाही. यावी असं क्षणभर वाटलं, पण आली नाही.

"झालं?" नणंद म्हणाली.

"नाही. तिसरं वाक्य."

"तिसरं कसलं?"

"नंतरच्या तीन नमुन्यांचे जोड निर्दोष होते."

"मागं घ्यायच्या पत्रात कुणी स्वतःची स्तुती करतं का? काय म्हणतील लोक?"

"दुसऱ्या-तिसऱ्याचे आकडे तुमच्याच वहीत आहेत, चौथ्याचे काल तुमच्यासमोर निघाले. खोटे असतील तर नका लिहू." वहिनीचा आवाज कापत होता आणि तिनं तो कापू दिला. "नोकरी गेली माझी. उद्या कुठं तरी जाऊन हात दाखवावा लागेल मला, की हे माझं काम. आपल्या शंभर माणसांत हे पत्र फिरणार, तिथली माणसंही ते वाचतील. पहिलं वाक्य वाचतील, तर त्यांना तिसरंही वाचू दे."

नणंदेनं आधीची दोन वाक्यं परत वाचली. मग पुढं वाकली आणि लिहिलं. लिहून झाल्यावर तोंडातल्या तोंडात म्हणाली, "चौथ्यासारखे जोड मी आजवर पाहिले नव्हते. मिळालं आता?"

अकरा वर्षं हे ऐकायला वहिनीचे कान आसुसले होते. आता ऐकलं, तर तिला नुसता संतापच आला. हे म्हणायला हिला बंद खोली लागली!

"'निर्दोष'च्या आधी 'पूर्णपणे' घाला," ती म्हणाली.

नणंदेनं तिच्याकडे अशी नजर टाकली, की बाजूला कुणी असतं तर उठून गेलं असतं. वहिनी हलली नाही. नणंदेनं घातलं. दोघींनी सह्या केल्या, पत्र गेलं, आणि ते गेल्याचं पडद्यावर दिसल्यावरच वहिनी खुर्चीवरून उठली.